पूर्वजांचा शोध : चर्चच्या नोंदवह्या काय सांगतात?

आपल्या शाळेच्या शिक्षकखोलीत एकदा सगळ्यांच्या जन्मतारखा विचारून पाहा. पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी काहीजण तरी १ जूनला जन्मलेले निघतील. म्हणूनच ३१ मे आला की गावोगाव सेवानिवृत्तीच्या समारंभांची गर्दी उडते. इतकी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली? उत्तर आपल्याला ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये उघडायच्या. मूल पहिलीत बसवायचं, तर त्याचं वय भरायला हवं. घरच्यांना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी अंदाजाने साल धरून १ जून लिहून टाकत.

आता कल्पना करा, तीनशे वर्षांनी कोणी संशोधक ही जनरल रजिस्टरं उघडून बसला. ‘विसाव्या शतकात महाराष्ट्रात १ जूनला सर्वांत जास्त मुलं जन्मत,’ असा निष्कर्ष त्याने काढला, तर आपण हसू. पण तो काही खोटं वाचत नसेल. वहीत तसंच लिहिलेलं असेल. त्याची चूक एवढीच, की ही वही कोणी, कशासाठी लिहिली हे त्याने विचारलं नाही.

जुन्या वह्यांतून पूर्वज शोधताना हा प्रश्न पावलोपावली विचारावा लागतो. युरोपात हा शोध प्रामुख्याने चर्चच्या नोंदवह्यांतून घेतला जातो. या लेखात आपण त्यांतलीच एक वही उघडणार आहोत. तिच्यात एक नाव असं आहे, की ते तुम्हा-आम्हा सर्वांच्या ओळखीचं आहे.

दोन कुलपांची पेटी

ख्रिस्ती धर्मव्यवस्थेत एका चर्चच्या अखत्यारीतल्या परिसराला पॅरिश म्हणतात. एखादं गाव किंवा शहराचा एखादा भाग, असा त्याचा आवाका असतो. इंग्लंडमध्ये सप्टेंबर १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला. प्रत्येक पॅरिशने एक वही ठेवावी. आठवडाभरात झालेले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं पाद्रीने दर रविवारी विश्वस्तांसमोर तिच्यात लिहावीत. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. एक किल्ली पाद्रीकडे, दुसरी विश्वस्तांकडे. लोकांना ही नव्या कराची तयारी वाटली आणि बरीच कुरकुर झाली. सरकार माणसं मोजायला लागलं की पुढे पट्टी बसते, हा अनुभव सगळीकडचाच.

सुरुवातीच्या वह्या साध्या कागदाच्या होत्या. त्या फाटल्या, भिजल्या, हरवल्या. म्हणून १५९८ मध्ये राणी एलिझाबेथच्या मान्यतेने नवा नियम झाला : जुन्या नोंदी टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून काढा, निदान राणी गादीवर आल्यापासूनच्या तरी, आणि दरवर्षीच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे पाठवा. राणी गादीवर आली १५५८ मध्ये. परिणामी अनेक पाद्र्यांनी १५५८ च्या आधीच्या नोंदी उतरवायचे कष्टच घेतले नाहीत. इंग्लंडमधल्या कितीतरी गावांचा नोंदलेला इतिहास नेमका १५५८ पासून सुरू होतो, त्याचं हे कारण. माणसं आधीही जन्मत होतीच.

स्ट्रॅटफर्डची वही

स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन हे इंग्लंडच्या मध्यभागातलं बाजारपेठेचं गाव. तिथल्या चर्चच्या वहीत २६ एप्रिल १५६४ या तारखेला लॅटिनमध्ये एक ओळ आहे. तिचा अर्थ : जॉन शेक्सपिअरचा मुलगा विल्यम. बस, एवढंच.

ही ओळ काय सांगते ते नीट पाहू. त्या दिवशी विल्यमचा बाप्तिस्मा झाला, हे ती सांगते. जन्म कधी झाला ते सांगत नाही. पाद्रीचं काम जन्म नोंदण्याचं नव्हतंच. त्या काळी जन्मानंतर काही दिवसांतच बाप्तिस्मा देत, म्हणून जन्म त्याच्या थोडेच दिवस आधीचा असावा, इतकं म्हणता येतं. मग २३ एप्रिल हा दिवस कुठून आला? तो इंग्लंडचा संरक्षक संत जॉर्ज याचा दिवस. शिवाय शेक्सपिअर वारला तो २३ एप्रिललाच, १६१६ मध्ये. जन्मही त्याच दिवशी मानणं लोकांना आवडलं. जगभर साजरी होणारी ही जन्मतारीख वहीत नाही. तिलाही शेक्सपिअरचा १ जूनच म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. आज जी वही आहे तिच्यातल्या १५५८ ते १६०० या काळातल्या सगळ्या नोंदी एकाच हस्ताक्षरात आहेत. म्हणजे आपण जी ओळ वाचतो ती बाप्तिस्म्याच्या दिवशी लिहिलेली नाही. १५९८ च्या नियमानुसार नंतर कोणीतरी मूळ वहीवरून केलेली ती नक्कल आहे. नक्कल करणाऱ्याच्या हातून काय सुटलं असेल, काय चुकलं असेल, ते ताडून पाहायला मूळ वही आज नाही.

दोन जोन, दोन जॉन

त्याच वहीत या घरातल्या इतर मुलांच्याही नोंदी आहेत. १५ सप्टेंबर १५५८ ला जोन नावाच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. डिसेंबर १५६२ मध्ये मार्गारेटचा. एप्रिल १५६३ मध्ये तिचं दफन. १५६४ मध्ये विल्यम, १५६६ मध्ये गिल्बर्ट. आणि १५ एप्रिल १५६९ ला पुन्हा एक जोन!

एका घरात दोन जोन कशा? पहिल्या जोनच्या दफनाची नोंद सापडत नाही. पण एखादं मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची त्या काळी रीत होती. त्यावरून अभ्यासक म्हणतात, की पहिली जोन १५६९ च्या आधी वारली असावी. लक्षात घ्या, ही माहिती वहीत लिहिलेली नाही. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेतून आपण ती काढली. तर्क भक्कम आहे, पण तो तर्क आहे. उद्या दफनाची नोंद मिळाली तर तो पक्का होईल. पहिली जोन मोठी होऊन कुठे लग्न करताना सापडली, तर तो सोडून द्यावा लागेल. विज्ञानात आपण गृहीतक मांडतो आणि पुराव्याने तपासतो, त्याहून हे वेगळं नाही.

नामसाम्याने फसगतही होते. शेक्सपिअरचं पहिलं चरित्र निकोलस रो याने १७०९ मध्ये लिहिलं. त्यात विल्यमच्या बापाला दहा मुलं झाली, असं म्हटलं आहे. वहीत मात्र आठच सापडतात. गोंधळाचं कारण असं, की त्याच गावात आणखी एक जॉन शेक्सपिअर राहत होता. विल्यमचा बाप हातमोजे बनवणारा. हा दुसरा जोडे शिवणारा. १५८९ ते १५९१ या काळात त्याच्या उर्सुला, हम्फ्री आणि फिलिप या तीन मुलांच्या नोंदी वहीत आल्या. हातमोजेवाल्या जॉनची मुलं तोवर मोठी होऊन नातवंडंसुद्धा झाली होती! पुढच्या अभ्यासकांनी धंदा, बायकोचं नाव आणि तारखा ताडून दोन जॉन वेगळे केले.

नावाची अक्षरंही पक्की नव्हती. एकाच घराण्याचं नाव वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळं लिहिलेलं दिसतं. पाद्री कानाला ऐकू येईल तसं लिहायचा आणि लिहून घेणाऱ्यांतल्या अनेकांना ते वाचता येत नव्हतं. कुठे तर नावच बदलतं. विल्यमच्या लग्नाची नोंद कोणत्याही चर्चच्या वहीत सापडलेली नाही. वुस्टरच्या बिशपच्या दप्तरात २७ नोव्हेंबर १५८२ ला लग्नाच्या परवान्याची नोंद आहे. त्यात वधूचं नाव अ‍ॅन व्हेटली. दुसऱ्या दिवशीच्या हमीपत्रात मात्र ती स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे! यावरून शेक्सपिअरची एक हरवलेली प्रेयसी काहींनी रंगवली. बहुतेक अभ्यासक मात्र हा कारकुनाच्या हातचा घोटाळा मानतात. त्याच दिवशी त्या कचेरीत व्हेटली आडनावाच्या दुसऱ्या एका माणसाचं प्रकरण चाललं होतं. तेच नाव डोक्यात घोळत असताना लेखणीतून उतरलं असावं. दाखल्यांवरच्या चुका निस्तरणाऱ्या आपल्या मुख्याध्यापकांना हे पटायला वेळ लागणार नाही.

फेब्रुवारी १५८४, म्हणजे १५८५

वहीनुसार विल्यमची थोरली मुलगी सुझॅना हिचा बाप्तिस्मा मे १५८३ मध्ये झाला. हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्यांचा झाला २ फेब्रुवारी १५८४ ला. दोन बाळंतपणांत जेमतेम आठ महिन्यांचं अंतर? इथे कुठल्याही पाद्रीची चूक नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये नवं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसे. ते २५ मार्चला सुरू होई. म्हणजे डिसेंबर १५८४ नंतर येणारे जानेवारी आणि फेब्रुवारीही १५८४ चेच. आजच्या हिशेबाने जुळ्यांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १५८५ मधला. अंतर आठ महिन्यांचं नाही, वीस महिन्यांचं.

ही पद्धत १७५१ च्या अखेरीपर्यंत चालली. १७५२ हे वर्ष १ जानेवारीला सुरू झालं आणि त्याच वर्षी ग्रेगरी पंचांग स्वीकारताना २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला. मधल्या अकरा तारखा इंग्लंडच्या एकाही वहीत सापडणार नाहीत.

आपल्याकडची जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांना ही अडचण परिचयाची आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असं आपण मुलांना सांगतो. पण शक बदलतो चैत्रात. कागद पौषातला किंवा माघातला असेल आणि तेव्हा इंग्रजी जानेवारी लागला असेल, तर ७९ मिळवावे लागतात. एका आकड्याने चुकलं तर मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मलेला दिसतो.

हॅम्नेट अकरा वर्षांचा होऊन गेला. ११ ऑगस्ट १५९६ ला त्याच्या दफनाची नोंद आहे. ज्युडिथला तीन मुलगे झाले. तिघेही निपुत्रिक वारले. सुझॅनाची एकुलती मुलगी एलिझाबेथ १६७० मध्ये वारली. दोन लग्नं होऊनही तिला मूल नव्हतं. विल्यम शेक्सपिअरचा वंश तिथे संपला. त्या घराण्याची जी शाखा पुढे वाढली ती त्याच्या बहिणीची, त्या दुसऱ्या जोनची. शेक्सपिअरच्या नावाचा तो वंश हार्ट या आडनावाने चालला.

ज्यांची ओळच नाही

विल्यमच्या बाप्तिस्म्याची ओळ पुन्हा वाचा : जॉन शेक्सपिअरचा मुलगा विल्यम. या मुलाला आई नाही का?

त्या काळच्या बहुतेक नोंदींत फक्त बापाचं नाव असे. विल्यमची आई मेरी आर्डन हे आपल्याला वहीतून कळत नाही. तिचे वडील रॉबर्ट आर्डन यांच्या १५५६ च्या मृत्युपत्रात मुलगी मेरी हिला जमीन दिल्याचं आहे. पुढे त्या घराच्या जमिनीवरून झालेल्या दाव्यांत जॉन आणि त्याची बायको मेरी यांची नावं येतात. हे कागद जोडले तेव्हा आई सापडली. वहीत ती आहे, पण सप्टेंबर १६०८ च्या दफनाच्या नोंदीत. तिथे ती ‘मेरी, विधवा’ आहे. जमिनीचा तंटा झाला नसता आणि मृत्युपत्र जळलं असतं, तर जगातल्या सर्वांत प्रसिद्ध नाटककाराची आई कोण, हे सांगणं अवघड होतं. बायको अ‍ॅनच्या जन्माचंही तसंच. तिच्या थडग्यावरच्या वयावरून ती १५५६ च्या सुमारास जन्मली असावी. वही सुरू होते १५५८ मध्ये.

आईखेरीज आणखी कोण कोण या वह्यांत नाही? बाप्तिस्म्याआधीच गेलेली अर्भकं नाहीत. अठराव्या शतकात जन्म आणि बाप्तिस्मा यांतलं अंतर वाढत गेलं, तशी ही गळती वाढली. सरकारी चर्च न मानणारे क्वेकर, बॅप्टिस्ट यांसारखे पंथ आपल्या नोंदी वेगळ्या ठेवत. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर होता. कंगाल म्हणून नोंद झालेल्यांना तो माफ होता. म्हणजे त्या वर्षांत एखादी नोंद नसली तर ते कर चुकवल्यामुळे असेल, आणि एखाद्याला कंगाल म्हटलं असलं तर तेही कदाचित करापुरतंच असेल.

यावरून एक साधा नियम निघतो. वहीत नाव सापडलं नाही, म्हणून माणूस नव्हता असं म्हणता येत नाही. वही कोणाला मोजत होती आणि कोणाला नाही, हे आधी शोधायचं.

एका घरापासून देशापर्यंत

एकेका घराच्या नोंदी जोडून कुटुंब उभं करायचं, हे वंशावळी काढणाऱ्यांचं जुनं काम. १९५० च्या दशकात लुई हेन्री या फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञाने त्याला शिस्त लावली. प्रत्येक लग्नासाठी एक कार्ड करायचं. त्यावर त्या जोडप्याचे बाप्तिस्मे, त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे, सगळ्यांची दफनं लिहायची. अशी शेकडो कार्डं झाली, की लग्नाचं वय किती, दोन मुलांत अंतर किती, किती मुलं लहानपणी गेली, हे मोजता येतं. नॉर्मंडीतल्या क्रुलाई या गावाचा त्याचा अभ्यास १९५८ मध्ये आला.

पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या एका गटाने, पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली यांच्या पुढाकाराने, हे काम देशभरासाठी हाती घेतलं. ४०४ पॅरिशमधल्या नोंदींची महिनावार मोजणी गावोगावच्या हौशी स्वयंसेवकांनी करून पाठवली. इंग्लंडची पहिली जनगणना १८०१ ची. या वह्यांमुळे त्याआधीचीही अडीचशे वर्षं उजेडात आली. १५४१ मध्ये इंग्लंडची लोकसंख्या सुमारे २८ लाख होती, हा अंदाज त्यातूनच निघाला. रिग्ली आणि स्कोफिल्ड यांचा हा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या मोजणीने काही समज मोडले. शेक्सपिअरची ज्युलिएट चौदाचीही झालेली नाही, त्यावरून त्या काळी इंग्लंडमध्ये बालविवाह सर्रास होत, असं वाटायचं. वह्या सांगतात की सामान्य इंग्रज मुलगी पहिल्या लग्नाच्या वेळी सरासरी पंचवीस-सव्वीस वर्षांची असे. नवरा आणखी दोनएक वर्षांनी मोठा. अ‍ॅन हॅथवे सव्विसाव्या वर्षी बोहल्यावर चढली त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते अठरा वर्षांच्या नवऱ्याचं! साधारण सहा-सात बालकांमागे एक पहिल्या वाढदिवसाआधी जाई, हेही याच ओळींतून कळलं.

साथीही या वह्यांत दिसतात. विल्यमच्या बाप्तिस्म्याला तीन महिनेही झाले नव्हते, तोच ११ जुलै १५६४ ला एका शिकाऊ कारागिराच्या दफनाच्या नोंदीशेजारी पाद्रीने लॅटिनमध्ये लिहिलं, की इथून प्लेग सुरू झाला. पुढच्या सहा महिन्यांत त्या छोट्या गावात दोनशेहून जास्त माणसं दगावली. ते तान्हं बाळ वाचलं.

धर्माची नोंद आणि रक्ताचा दाखला

आतापर्यंत वही चुकीची वाचली तर फार तर एखादं चरित्र चुकलं. पण तिच्यामुळे माणसांचे जीवही गेले आहेत.

जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर ७ एप्रिल १९३३ ला कायदा झाला. सरकारी नोकरी टिकवायची तर आपण ‘आर्य’ आहोत हे सिद्ध करा, म्हणजे आजी-आजोबांपैकी कोणी ज्यू नव्हतं हे दाखवा. जर्मन साम्राज्यात सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८७६ मध्ये. त्याआधी जन्मलेल्या आजी-आजोबांसाठी पुरावा एकच, चर्चची वही. पॅरिशच्या कचेऱ्यांवर लाखो लोक उतारे मागायला लोटले. एस.एस. या संघटनेत तर साध्या सैनिकाला १८०० पर्यंतची आणि अधिकाऱ्याला १७५० पर्यंतची वंशावळ द्यावी लागे. बर्लिनमध्ये जुन्या वह्यांची कार्डं करून, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेले ज्यू कोण होते, हे शोधून काढलं गेलं. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी तीन किंवा चार ज्यू आजी-आजोबा असलेल्याला ज्यू ठरवलं. मग तो स्वतः ख्रिस्ती असो की नास्तिक. ज्यांना असं ठरवलं, त्यांचं पुढे काय झालं ते आपण जाणतो.

यातली विसंगती पाहा. कायदा बोलत होता रक्ताबद्दल. वहीत रक्त कुठेच नाही. बाप्तिस्म्याची ओळ एवढंच सांगते, की अमुक दिवशी अमुक मूल एका धर्मविधीसाठी चर्चमध्ये आणलं गेलं. आजोबांचा वंश ठरवायला कायद्याला त्यांच्या धर्माचाच आधार घ्यावा लागला. पाद्रीने धर्मासाठी लिहिलेल्या ओळीतून सरकारने जात काढली. शिक्षकाने पटसंख्येसाठी लिहिलेल्या १ जूनवरून कुंडली मांडावी, तसं हे झालं. फरक इतकाच, की इथे माणसं मारली गेली.

‘शुद्ध वंश’ ही कल्पना गणितातही टिकत नाही. हे वर्गात जरूर करून पाहा. आई-वडील २, आजी-आजोबा ४, त्यांचे आई-वडील ८. दहा पिढ्यांमागे १,०२४ पूर्वज. बावीस पिढ्यांमागे, म्हणजे एका पिढीला पंचवीस वर्षं धरली तर सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी, ४१ लाख ९४ हजार ३०४. पण त्यानंतरही, १५४१ मध्ये, सगळ्या इंग्लंडात माणसं होती २८ लाख! म्हणजे ज्याचे सगळे पूर्वज इंग्रज, त्याच्या वंशवृक्षात तीच तीच माणसं अनेक फांद्यांवर असणार, आणि आज एकमेकांना अनोळखी असलेली माणसं मागे जाऊन एकाच पूर्वजाला भेटणार. बापाकडून बापाकडे जाणारी जी एकच रेघ आपण अभिमानाने वंशावळ म्हणून भिंतीवर लावतो, ती दहाव्या पिढीत १,०२४ पैकी फक्त एका माणसापर्यंत पोचते. उरलेले १,०२३ ही आपलेच.

आपल्याकडच्या वह्या

चर्चच्या नोंदवह्या आपल्याकडेही आहेत. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये कॅथलिक पॅरिशना बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी ठेवणं बंधनकारक केलं आणि पोर्तुगीजांबरोबर ही पद्धत गोव्यात आणि वसईत आली. या वह्यांत मागे मागे जाताना अनेक घराणी एका अशा पूर्वजापाशी पोचतात, जिथे वंश नव्हे तर नाव बदलतं. बाप्तिस्मा घेताना नवं नाव मिळे आणि आडनाव पुष्कळदा धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं असे. त्यामुळे गोव्यातल्या दोन घरांचं पोर्तुगीज आडनाव एकच असलं, तरी त्यांचं नातं असेलच असं नाही. नामसाम्याचा तोच धडा, स्ट्रॅटफर्डच्या दोन जॉनचा.

इतरांसाठी वेगळी साधनं आहेत. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या कुळांच्या वह्या आहेत. गावोगाव जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारी कोतवाल बुकं होती. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा हीच कोतवाल बुकं आणि शाळांची जुनी जनरल रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. अनेक शिक्षकांनी सुट्टीत बसून मोडीतल्या आणि बाळबोधीतल्या नोंदी चाळल्या. जुन्या वहीतला एक शब्द आजच्या माणसासाठी किती मोलाचा असतो, हे आता आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

म्हणून नववी-दहावीच्या मुलांबरोबर एक काम करून पाहावं, असं आम्ही सुचवतो. मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेचं ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं जनरल रजिस्टर घ्या. नावं आणि जातीचे रकाने झाकून घ्या. ती माणसं किंवा त्यांची मुलं गावात असतील आणि त्यांची माहिती चव्हाट्यावर आणणं हा आपला हेतू नाही. मुलांना फक्त मोजायला सांगा. कोणत्या तारखा जास्त येतात? मुली किती? शाळा सोडण्याचं कारण काय लिहिलं आहे? कोणत्या वर्षी पट एकदम घसरला, आणि त्या वर्षी गावात काय झालं होतं? प्रत्येक उत्तरापुढे दोन रकाने करा : ‘वहीत लिहिलं आहे’ आणि ‘आम्ही ताडलं’. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपला वंशवृक्ष काढावा, पण दोन्ही बाजूंनी, आईकडूनही.

बहुतेक मुलं आईकडच्या पणजीच्या नावापाशी अडतील. जुन्या रजिस्टरात आईच्या नावाला रकानाच नव्हता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्रात मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं. पणजीचं नाव मात्र घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसालाच आठवत असेल. ते विचारून, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून आजच लिहून ठेवा. पुढच्या शोधणाऱ्याला ती नोंद लागेल.